सल्लागार की हंगामी साहेब?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कमी केलं आहे.)



संयोजकांनी प्रत्येक वक्त्याला आपापल्या कामाविषयी वीस मिनिटं बोलायला सांगितलं आहे. सकाळी आपले डॉक्टर बोलले, मग ठिबक आणि उसावर चर्चा झाली. त्यांचं बरं असतं, त्यांचा व्यवसाय सगळ्यांना ठाऊक असतो. माझं तसं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर माझ्या नावापुढे कुणी 'सॉफ्टवेअर' लिहिलं आहे, कुणी 'कन्सल्टंट'. दोन्ही अर्धवट बरोबर. मी सात वर्षं सल्लागार होतो हे खरं. पण गेली अकरा वर्षं मी हंगामी आयटी प्रमुख म्हणून काम करतो. इंग्रजीत त्याला इंटरिम मॅनेजर म्हणतात. एखाद्या कंपनीतला संगणकाचा मोठा प्रकल्प अडला, किंवा तिथला आयटी प्रमुख मध्येच सोडून गेला, की सहा-आठ महिन्यांसाठी त्या खुर्चीत बसायचं, काम मार्गी लावायचं आणि उठायचं.

'हंगामी' शब्द ऐकून मागच्या रांगेत दोघं हसले. साहजिक आहे. आपल्याकडे हंगामी म्हणजे साखर कारखान्याचा हंगामी कामगार: गळीत सुरू झालं की आत, गाळप संपलं की घरी. माझ्या आईनेही बरीच वर्षं हेच समजून घेतलं होतं. 'अजून कायम केलं नाही का रे तुला?' असं ती दर दिवाळीला विचारायची. परदेशात, विशेषतः नेदरलँड्स आणि जर्मनीत, हा प्रतिष्ठित पेशा आहे. तिथे कायमच्या माणसाला काढणं कायद्याने अवघड, त्यामुळे अनुभवी माणसाला ठरावीक मुदतीसाठी अधिकार देऊन बसवण्याची पद्धत तिथे रुजली. मी ती जर्मन कंपन्यांच्या चाकणच्या कारखान्यांमध्ये काम करताना पाहिली आणि उचलली.

आता हा विषय तुमच्यापुढे का? इथे बसलेल्यांपैकी आठ-दहा जणांचे स्वतःचे कारखाने किंवा दुकानं आहेत. चौघं-पाचजण पतसंस्थांवर, संस्थांवर संचालक आहेत. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या दारात कधी ना कधी सॉफ्टवेअरवाला येऊन गेला आहे, आणि त्याने घातलेला घोळ निस्तरायला कुणाला बोलवावं हा प्रश्नही पडून गेला आहे. कालच एकाने मला बाजूला घेऊन हाच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मी शेवटी देतो, कारण ते सगळ्यांच्या कामाचं आहे.

फरक समजायला शाळेबाहेर जायची गरज नाही. आपल्या वेळी शाळेची तपासणी व्हायची. आठ दिवस आधी भिंतींना चुना, नकाशे लटकवलेले, वह्या तपासलेल्या. साहेब यायचे, वर्गात दोन प्रश्न विचारायचे, प्रयोगशाळा बघायचे, शेरेबुकात शेरा लिहायचे आणि दुपारच्या एसटीने जायचे. शेरा बहुतेक वेळा अचूक असायचा. 'प्रयोगशाळेतील साहित्य अपुरे आहे' यात खोटं काय होतं? पण पुढच्या जूनमध्ये साहित्य आलं का, याचा जाब साहेबांना कुणी विचारत नव्हतं, आणि विचारायचा नसतोही. त्यांचं काम पाहणं आणि सांगणं. हा झाला सल्लागार.

दुसरीकडे प्रभारी मुख्याध्यापक. मुख्याध्यापक निवृत्त झाले, नव्यांची मान्यता आली नाही, की सेवाज्येष्ठ शिक्षकांकडे चार्ज. त्या दिवसापासून मस्टर त्यांच्यापुढे, पालकांची भांडणं त्यांच्यापुढे, दहावीचे फॉर्म त्यांच्या सहीने. समोर बसलेल्या सरांना आणि बाईंना पुढचं मी सांगायला नको. चार्ज मिळाला पण सह्यांचे अधिकार मंजूर झाले नाहीत, तर पगारबिल अडतं आणि स्टाफरूममधले सगळे प्रभारींकडे बघतात. म्हणजे खुर्ची आहे, जबाबदारी आहे, पण सही चालत नाही. माझ्या धंद्यातलं अर्धं शहाणपण या एका गोष्टीत आहे. हंगामी माणूस आणायचा तर सहीसकट आणायचा, नाहीतर तो महागडा सल्लागार होतो आणि शेरे लिहीत बसतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. कंपनीचं नाव सांगणार नाही, ओळखण्याचा प्रयत्नही करू नका. कोल्हापूरच्या बाजूची एक फाउंड्री, दुसऱ्या पिढीकडे आलेली. तीनशेच्या वर कामगार. वाहनांचे सुटे भाग ओततात, त्यातला मोठा भाग जर्मनीला जातो. त्यांनी नवीन ईआरपी घ्यायचं ठरवलं, म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री, हिशेब सगळं एकाच प्रणालीत. १ एप्रिलला सुरू करायचं ठरलेलं. आणि जानेवारीत त्यांचा आयटी मॅनेजर बंगळुरूला चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेला. सॉफ्टवेअर बसवणारी कंपनी म्हणत होती, आम्ही तयार आहोत, पुढचा हप्ता द्या. कारखान्यातले म्हणत होते, आम्हाला यातलं काही कळत नाही. आणि जर्मन ग्राहकाने पत्र पाठवलं होतं की सप्टेंबरपासून प्रत्येक ओतकामाचा हीट नंबर कागदोपत्री शेवटपर्यंत दाखवता आला नाही, तर नव्या ऑर्डरी थांबतील.

हीट नंबर म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं भांडण तिथेच होतं. भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला एक हीट म्हणतात. त्या धातूचा नमुना तपासतात आणि त्याला नंबर देतात. उद्या जर्मनीत एखादा भाग तुटला तर तो कुठल्या दिवशीच्या, कुठल्या हीटचा, त्यात कार्बन किती होता, हे दाखवता आलं पाहिजे. त्याच हीटमधले बाकीचे भाग परत मागवायचे की नाही, हे त्यावर ठरतं. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात साचे फोडले की वेगवेगळ्या हीटचा माल एकाच बिनमध्ये पडतो, तिथून फेटलिंगला जातो, तिथे घासतात, काही नापास होतो आणि रनर-रायझरबरोबर पुन्हा भट्टीत जातो. हा परत जाणारा माल सॉफ्टवेअरवाल्यांनी हिशेबात धरलाच नव्हता. त्यांच्या दृष्टीने माल एकदा पुढे गेला की पुढेच जातो.

मालकांनी आधी एक सल्लागार आणला. चांगला माणूस. तीन आठवडे हिंडला, साठ-सत्तर पानांचा अहवाल दिला. तो मी नंतर पूर्ण वाचला आणि त्यातला एकही मुद्दा मला खोडता आला नाही. हीट नंबरबद्दल त्याने स्पष्ट लिहिलं होतं की नोंद कुणी आणि कुठल्या टप्प्यावर करायची, याची जबाबदारी निश्चित करावी. मालकांनी मला तेच पान उघडून दाखवलं आणि म्हणाले, ''हे सगळं पटलं हो. पण निश्चित करावी म्हणजे कुणी करावी?''

ते एका ओळीत बरोबर बोलले होते. उत्पादनाचे प्रमुख मालकांचे मावसभाऊ. ते म्हणत, नोंदी करत बसलो तर माझं टनेज पडेल. क्वालिटीचे प्रमुख पंचवीस वर्षांचे जुने. ते म्हणत, नोंद नसेल तर मी दाखल्यावर सही करणार नाही. आयटीची खुर्ची रिकामी. सॉफ्टवेअर कंपनीचा मुलगा दोघांना 'सर, सर' करत दोन्हीकडचं मान्य करायचा आणि दर आठवड्याला स्क्रीन बदलायचा. या परिस्थितीत आणखी एक अहवाल आला असता तरी तो पहिल्यावर ठेवला गेला असता.

मी काम घेण्याआधी तीन गोष्टी मागितल्या. या प्रकल्पापुरता माझा निर्णय तो मालकांचा निर्णय, असं पत्र, आणि ते नोटीस बोर्डावर. ठरावीक रकमेपर्यंत खर्चाची सही. आणि मध्ये कुणी नाही, मी थेट मालकांना उत्तर देणार. पहिल्या अटीवर ते चार दिवस अडले. कुटुंबाचा धंदा आहे, मावसभावाला वाईट वाटेल. मी थांबलो. पाचव्या दिवशी पत्र लागलं.

पहिल्याच आठवड्यात १ एप्रिल रद्द करून १ जुलै केला. हिशेबाच्या माणसाने डोक्याला हात लावला, कारण वर्षाच्या मध्ये प्रणाली बदलायची म्हणजे तीन महिन्यांच्या शिलका आणि जीएसटीचे आकडे नव्यात उतरवायचे. त्याचं म्हणणं योग्यच होतं, पण स्टोअरमध्ये एकाच वस्तूला तीन-तीन कोड असताना १ एप्रिलला बटण दाबलं असतं तर पहिल्याच महिन्यात डिस्पॅच बंद पडलं असतं. दुसरं, नवीन मागण्या बंद. ज्याला अजून एक रिपोर्ट हवा त्याने जुलैनंतर यावं. तिसरं, सॉफ्टवेअर कंपनीचा हप्ता थांबवला. करारात चाचणी पास झाल्यावर हप्ता असं लिहिलेलं होतं आणि चाचणी झालीच नव्हती. त्यांच्या प्रमुखाने माझ्या डोक्यावरून थेट मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, ''त्यांच्याशी बोला.'' माझ्या दृष्टीने काम त्या क्षणी सुरू झालं. तो फोन मालकांनी वेगळ्या पद्धतीने घेतला असता तर मी दुसऱ्या दिवशी पुण्याला परत गेलो असतो.

हीट नंबरचा निकाल लावायला चार दिवस लागले, त्यातला एक दिवस नुसता आरडाओरड्याचा. साचे जिथे फोडतात त्या नॉक-आउटलाच बिनवर हीटचा टॅग लावायचा, फेटलिंगला नाही. प्रत्येक पाळीला एक माणूस, आणि तो उत्पादनाने द्यायचा. मावसभाऊ दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मग टॅगमुळे नापास माल कुठल्या हीटचा हे त्यांनाच सकाळी कळायला लागलं, आणि ते स्वतः येऊन यादी मागू लागले. बाकी महिनाभर जुन्या प्रणालीतली बिलं नव्या प्रणालीत पुन्हा टाकून ताळमेळ घेणं, स्टोअर मोजणं ही हमाली. त्यावर वेळ घालवत नाही. १ जुलैला सुरू झालं. ऑगस्टच्या अखेरीस ग्राहकाची माणसं आली, त्यांनी शिपमेंटमधला एक भाग उचलला आणि मागे मागे जात भट्टीपर्यंत पोचून दाखवा म्हणाले. पोचलो.

इथे टाळ्या नकोत, कारण माझ्या मते अवघड भाग त्यानंतरचा आहे. हंगामी माणसाचं मोजमाप तो गेल्यावर होतं. मालकांना वाटत होतं मी राहावं, नाहीतर पुण्याहून कुणी मोठा माणूस आणावा. स्टोअरमध्ये इचलकरंजीची एक मुलगी होती, बी.एस्सी. कॉम्प्युटर, नोंदी करायला ठेवलेली. सगळ्या वस्तूंचे कोड तिने साफ केले होते आणि स्टोअरकीपरच्या तीस वर्षांच्या वह्यांमधलं तिला वाचता येत होतं. सहाव्या महिन्यापासून मी तिला खुर्चीत बसवलं आणि मी बाजूच्या स्टुलावर बसलो. सही आधी तिची, खाली माझी. आठव्या महिन्यात खालची सही बंद केली. तिचा पगार मात्र मी जाण्याआधी मालकांकडून लेखी वाढवून घेतला, कारण मागचा मॅनेजर पगारापायीच गेला होता.

तुम्ही म्हणाल, हा स्वतःच्या धंद्याची जाहिरात करतोय. म्हणून मी जिथे नव्हतो असं एक मोठं उदाहरण सांगतो. अमेरिकेतलं. आरोग्य विमा विकत घेण्याची सरकारी वेबसाइट, हेल्थकेअर डॉट गव्ह, १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. ओबामांचा सगळ्यात महत्त्वाचा कायदा तिच्यावर अवलंबून. ३६ राज्यांतल्या लोकांनी त्यातून विमा घ्यायचा होता. नंतर बाहेर आलेल्या सरकारी टिपणांनुसार पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेली माणसं होती ६. सहा हजार नाही, सहा.

आणि हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. त्याच वर्षी वसंतात मॅकिन्झी या नामांकित सल्लागार कंपनीने पाहणी करून धोके दाखवले होते: मागण्या सतत बदलताहेत, सगळी यंत्रणा एकत्र तपासायला वेळ उरत नाही, आणि अंतिम निर्णय घेणारी एक व्यक्ती नाही. हे वरिष्ठांपुढे मांडलंही गेलं होतं. पन्नासच्या वर कंत्राटदार, त्यांची जुळणी करायची जबाबदारी सरकारी खात्याने स्वतःकडे ठेवलेली, आणि त्या खात्यात 'थांबा' म्हणणारा कुणी नाही. पुढे २०१६ मध्ये त्यांच्याच आरोग्य विभागाच्या महानिरीक्षकांनी सविस्तर अहवाल लिहिला, त्यात स्पष्ट नेतृत्वाचा अभाव हे मोठं कारण दिलं. म्हणजे सल्ला बरोबर होता, वेळेवर होता, महागही असणार. तो घ्यायला खुर्चीत कुणी नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी जेफ झायंट्स यांना आणलं. त्यांची दुसऱ्या मोठ्या पदावर नेमणूक आधीच ठरलेली होती, म्हणजे हे काम मुदतीचंच होतं. गंमत अशी की ते तरुणपणी स्वतः सल्लागार कंपनीत होते, आणि ते संगणकतज्ज्ञ नव्हते. त्यांनी आल्यावर कंत्राटदारांपैकी एकाला सगळ्यांचा मुकादम नेमलं आणि नोव्हेंबरअखेरची तारीख जाहीर केली. गूगलमधून आलेल्या माइकी डिकरसन यांनी रोज दोन उभ्या बैठका सुरू केल्या. तिथले नियम मला फार आवडतात. ही बैठक प्रश्न सोडवायला आहे, दोष कुणाचा हे ठरवायला दुसऱ्या जागा आहेत. बोलायचं ते ज्याला विषय सर्वांत जास्त कळतो त्याने, पदाने मोठा असेल त्याने नाही. आणि पुढच्या एक-दोन दिवसांत जे अंगावर येणार आहे तेवढंच बोलायचं. सरकारने १ डिसेंबरला आकडे दिले: ४०० च्या वर दुरुस्त्या, पान उघडायला एक सेकंदाहून कमी वेळ, एका वेळी ५०,००० लोक. डिसेंबरमध्येच झायंट्स यांनी चार्ज मायक्रोसॉफ्टमधून निवृत्त झालेल्या कर्ट डेलबेनी यांच्याकडे दिला. पहिल्या मुदतीअखेर राज्यांच्या वेबसाइट धरून देशभरात ८० लाखांच्या आसपास लोकांनी विमा निवडला होता.

यावरून सल्लागार नकोतच, असं कुणी घरी जाऊन सांगू नका. मीही त्याच मिठावर सात वर्षं जगलो आहे. काय करावं हेच माहीत नसेल, तर सल्लागारच हवा. त्याने वीस कारखाने पाहिलेले असतात, हंगामी माणूस एका वेळी एकच पाहतो. सुरक्षेची तपासणी, करारातली कलमं, दोन सॉफ्टवेअरमधली निवड, यासाठी खुर्ची लागत नाही, डोळे लागतात. आणि एक आपल्याकडचं खास कारण असतं. एका कंपनीत आयटी प्रमुख बाई अत्यंत हुशार होत्या. दोन वर्षं एकच गोष्ट सांगत होत्या, संचालक ऐकत नव्हते. मी सल्लागार म्हणून तीन आठवड्यांनी तेच सांगितलं, आणि एका बैठकीत मंजूर झालं. पिकतं तिथं विकत नाही. अशा ठिकाणी मला हंगामी प्रमुख म्हणून बसवलं असतं तर त्या बाईंचा अपमान झाला असता आणि त्या सोडून गेल्या असत्या. खुर्चीत योग्य माणूस असेल तर त्याच्या मागे उभा राहणारा आणा, त्याला उठवणारा नको.

शब्दांचा एक गोंधळ मात्र दूर करतो. तुमच्या मुला-मुलींपैकी, जावयांपैकी पुण्यात कितीतरी जण 'सॅप कन्सल्टंट' असतील. त्यांच्या कार्डावर कन्सल्टंट असतं, पण त्यांचं काम सॉफ्टवेअर बसवण्याचं असतं आणि पगार सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कंपनीकडून येतो. काम कष्टाचं आणि कौशल्याचं आहे, त्याबद्दल आदर आहे. पण तुमच्या बाजूने सल्ला देणारा तो नव्हे. सध्या हे फार महत्त्वाचं आहे, कारण सॅपने आपल्या जुन्या प्रणालीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबवायचं जाहीर केलं आहे. जादा पैसे भरून २०३० पर्यंत ढकलता येतं. चाकणपासून शिरोलीपर्यंत सगळ्यांची घाई चालली आहे, आणि घाईत असलेल्या माणसाला विकणं सोपं असतं. बसवणाऱ्यालाच 'बसवू का?' विचारलं तर तो नाही कशाला म्हणेल?

पैशांचं विचारतातच, म्हणून सांगतो. दोघंही दिवसावर किंवा महिन्यावर पैसे घेतात, वर १८ टक्के जीएसटी. हंगामी माणसाचा एका दिवसाचा दर सल्लागार कंपनीच्या वरिष्ठ माणसापेक्षा सहसा कमी असतो, पण तो रोज येतो, त्यामुळे एकूण आकडा मोठा दिसतो. मालक दोघांच्या दरांची तुलना करतात. मी म्हणतो, प्रकल्प आणखी सहा महिने अडला तर काय जाईल तो आकडा आधी लिहा. फाउंड्रीच्या बाबतीत तो आकडा लिहिल्यावर माझ्या फीविषयी पुढे बोलणं झालं नाही.

एक इशाराही. काही मालक हंगामी माणूस वेगळ्याच कारणासाठी शोधतात. माणसं कमी करायची असतात, पण हात आपले खराब व्हायला नकोत. बाहेरचा येईल, काढून टाकेल, शिव्या घेऊन जाईल. अशी कामं माझ्याकडे दोनदा आली, दोन्ही मी घेतली नाहीत.

आता आपल्या वयाचं. आपण पंचावन्नचे झालो. काहींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, काहींना ती 'घ्यायला' लावली आहे, आणि मला इथे येताना तीन नवी कार्डं मिळाली, तिन्हीवर कन्सल्टंट. मित्र म्हणून बोलतो, राग मानू नका. ज्याने तीस वर्षं कारखाना चालवला, पाळ्या लावल्या, संप पाहिला, त्याची ताकद अहवाल लिहिण्यात नसते. त्याला सल्लागार म्हणून बाजारात तरुण, चटपटीत, इंग्रजी स्लाइड करणाऱ्या पोरांशी स्पर्धा करावी लागेल. त्याने खुर्ची मागावी. त्याची किंमतही सांगतो. ग्रॅच्युइटी नाही, बोनस नाही, दोन कामांच्या मध्ये चार-चार महिने रिकामे. दिवाळीत कुठल्याच कंपनीचा फराळाचा डबा येत नाही. ज्यांच्यासाठी रात्री जागलो ते वर्षभराने नाव विसरतात, आणि काम नीट झालं असेल तर विसरायलाच हवेत. घरातून एक पगार नियमित येत असेल किंवा वर्षभराची शिल्लक असेल तरच यात उतरा. माझी बायको शिक्षिका आहे. तिच्या पगारावर मी पहिली दोन वर्षं काढली.

शेवटी कालचा प्रश्न. आपल्यातला एकजण ज्या पतसंस्थेवर संचालक आहे तिच्या नऊ शाखा आहेत. जुनं सॉफ्टवेअर देणारा म्हणतो, आता यापुढे दुरुस्त्या करणार नाही. संचालक मंडळात दोन गट, एकाला सल्लागार हवा, दुसऱ्याला 'चांगला माणूस' नेमायचा आहे.

माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या महिन्यांत. आज तुम्हाला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं हे माहीत नाही. त्यासाठी पंधरा-वीस दिवसांचा सल्लागार घ्या, फी ठरवून. कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीकडून कमिशन घेत नाही असं त्याच्याकडून लिहून घ्या. लिहून द्यायला कचरला तर चहा पाजून परत पाठवा. निवड झाली की त्याचं काम संपलं. नंतरचा भाग म्हणजे बदलाच्या दिवशी नऊ शाखांतलं प्रत्येक खातं, ठेव, कर्ज, येणे व्याज जुन्याशी पैशापैशाने जुळवणं, आणि जुळलं नाही तर 'उद्या शाखा उघडणार नाही' असं रात्री अकरा वाजता सांगणं. हे सल्लागाराला सांगता येणार नाही. त्यासाठी पुण्याहून माझ्यासारखा आणायचीही गरज नाही. तुमच्याच गावात बँकेतून निवृत्त झालेले शाखाधिकारी आहेत, ज्यांनी हाताच्या खतावणीतून संगणकावर जाण्याचा काळ स्वतः काढला आहे. त्यांना सहा महिन्यांसाठी बसवा. फक्त ठरावात चार गोष्टी घाला: नाव, सुरू आणि संपण्याची तारीख, खर्चाची मर्यादा, आणि शाखाव्यवस्थापकांनी या कामापुरतं त्यांचं ऐकायचं हे वाक्य. पहिल्या तीन गोष्टी सगळे मंजूर करतील. चौथ्यावर सभा लांबेल. ती लांबू दे, पण वाक्य गाळू नका. आणि सहा महिन्यांनी चार्ज कुणाकडे जाणार त्या कर्मचाऱ्याचं नावही त्याच ठरावात घाला. मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे, मसुदा हवा असेल तर आपण बसून लिहून काढू.